सड्यावरची डबकी आटताना : बेडूक आणि टोड कसे पाहावेत, कसे मोजावेत

सप्टेंबर सरत आला की सह्याद्रीच्या माथ्यावरचे सडे, म्हणजे उघडी कातळी पठारं, वाळू लागतात. कास, चाळकेवाडी, पाचगणीचं टेबललँड, पन्हाळ्याजवळचं मसाई पठार, आंबोली; सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच. जांभ्याच्या कातळावरची डबकी दिवसागणिक आकसतात आणि त्यातल्या बेडूकमाशांची पाय फुटून बाहेर पडायची धडपड सुरू होते. हे पाहायला जाणारे तीन ठिकाणी हमखास चुकतात. एकदाच जातात, कोरडं डबकं बघतात आणि ‘सगळे मेले’ असं लिहून मोकळे होतात. किंवा पाणी निम्मं झाल्यावर बेडूकमासे दाट दिसले की ‘संख्या वाढली’ म्हणतात. किंवा कळवळून बाटलीत भरून दुसऱ्या पाण्यात नेऊन सोडतात. तिन्ही चुका टाळायच्या तर डबकं बाहेरून आत वाचायचं, त्याच क्रमाने, आणि पुन्हा पुन्हा.

## टप्पा १ : सडा आणि वेळ निवडणं

घरापासून दोन तासांच्या आतला सडा निवडा, मग तो कितीही अप्रसिद्ध असो. पुण्या-मुंबईहून कासला एक फेरी मारण्यापेक्षा गावाजवळच्या पठारावर सात-आठ फेऱ्या केव्हाही सरस. शिवाय फुलांच्या हंगामात कासला प्रवेश नियंत्रित असतो आणि फुलांच्या पट्ट्यात पाय टाकता येत नाही. डबक्याकाठी अर्धा तास बसायला ती जागा तेव्हा सोयीची नाही.

वेळा दोन. मृगाच्या पहिल्या सरींना काही जाती एकदम बाहेर पडून दोन-चार रात्रींत अंडी घालून मोकळ्या होतात. दुसरी वेळ हस्ताच्या पावसापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतची, आटण्याची. या दोन वेळांची गल्लत करू नका. २००९ साली स्वतंत्र जात म्हणून वर्णन झालेला आंबोली टोड (टोड म्हणजे खरखरीत कातडीचा बेडूक; शास्त्रीय नाव झँथोफ्राइन टायग्रिना) सुरुवातीच्या पावसात कातळावरच्या उथळ पाण्यात अंडी घालतो. ऑक्टोबरात त्याचे बेडूकमासे शोधत फिरणं म्हणजे वरात गेल्यावर मांडवात जाण्यासारखं.

पावसाळ्यात मध्येच आठवडाभर उघडीप मिळाली तर ती सोडू नका. कातळावरची सर्वांत उथळ डबकी जुलै-ऑगस्टच्या उघडिपीतही आटतात, आणि एका हंगामात आटणं-भरणं अनेकदा होतं.

परवानगी : अभयारण्य किंवा राखीव वनात जायचं तर आधी वनविभागाच्या स्थानिक कार्यालयात विचारा. पकडणं, हाताळणं, नमुने घेणं यांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली वेगळी लेखी परवानगी लागते. या लेखातली सगळी कामं हात न लावता होणारी आहेत. खाजगी किंवा गावकीच्या सड्यावर गुराख्यांना सांगून जा. कुठलं डबकं कधी आटतं हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं.

## टप्पा २ : सामान

फार लागत नाही, पण जे लागतं ते नेमकं हवं.

- ३० सेंटीमीटरची स्टीलची पट्टी आणि ५ मीटरची टेप
- पाण्याचं तापमान घेणारा साधा डिजिटल थर्मामीटर, वायर असलेला
- दुर्बीण (८×४० पुरते) आणि जवळचा फोकस येणारा कॅमेरा किंवा मोबाइल
- काळी छत्री
- आइस्क्रीमच्या डब्याचं पांढरं झाकण, कोपऱ्याला भोक पाडून दोरी आणि बुडण्यापुरतं वजन बांधलेलं
- डोक्याला लावायची बॅटरी, तिच्या काचेवर चिकटवायला लाल जिलेटिन कागद
- पेन्सिल आणि जाड पानांची वही (शाई धुक्यात फुटते)
- घोट्याच्या वर येणारे बूट, शक्यतो दोन जोड

छत्री पावसासाठी नाही. आकाशाचं प्रतिबिंब पडलं की पाण्यात काही दिसत नाही. छत्री तिरपी धरली की तेवढ्या भागातली चकाकी जाते आणि तळ स्वच्छ दिसतो.

बूट आधी धुवा. बेडकांना मारणारी काइट्रिड बुरशी पश्चिम घाटात नोंदली गेलेली आहे आणि ती ओल्या चिखलातून एका पाण्यातून दुसऱ्यात जाते. बूट, पट्टी, झाकण ब्रशने घासून चिखल पूर्ण काढा. मग घरगुती ब्लीच १ भाग, पाणी ९ भाग अशा मिश्रणात १० मिनिटं ठेवा, साध्या पाण्याने धुऊन कडकडीत उन्हात वाळवा. चिखल न काढता ब्लीच ओतलं तर ते चिखलातच जिरतं आणि काम करत नाही. पावसाळ्यात बूट वाळत नाहीत म्हणूनच दुसरा जोड. हे सगळं घरी करायचं. ब्लीचचा थेंबही सड्यावर नको.

हाताला डासांचं मलम किंवा सनस्क्रीन लावलं असेल तर बोट पाण्यात घालू नका. बेडकाची कातडी आणि बेडूकमाशांचे कल्ले दोन्ही फार संवेदनशील असतात. तळहाताएवढ्या पाण्यात तेवढंही पुष्कळ होतं.

## टप्पा ३ : डबक्यांची वर्गवारी आणि खुणा

पहिल्या फेरीत बेडूक शोधायचेच नाहीत. सडा फिरून पाच-सहा डबकी निवडा, त्यात तिन्ही प्रकार येऊ द्या :

कातळी खळगा. तळाशी फक्त दगड, फारतर शेवाळ. खोली काही सेंटीमीटर. पाणी मुख्यतः बाष्प होऊन जातं, त्यामुळे आटण्याचा वेग बराचसा सरळ असतो.

गवताळ डबकं. तळाशी मातीचा थर, कडेला गवत. इथे पाणी मुरतंही, आणि माती ओली राहते तोवर पिल्लांना आडोसा मिळतो.

गुरांचं डबकं. म्हशी लोळतात ते. गढूळ, शेणाने समृद्ध, सगळ्यात उशिरा आटणारं. पाणी संपत आलं की शेवटचे बेडूकमासे खुरांच्या खड्ड्यांत अडकलेले दिसतात. एकेका खड्ड्यात चमचाभर पाणी आणि त्यात दहा-पंधरा जीव.

प्रत्येक डबक्याला क्रमांक द्या, मोबाइलवरून अक्षांश-रेखांश घ्या आणि एक ठरावीक जागा धरून फोटो काढा : अमुक दगडावर उभं राहून, तमुक झुडूप चौकटीच्या डाव्या कोपऱ्यात. पुढच्या प्रत्येक फेरीत तोच फोटो. कातळावर रंगाने खूण करायची नाही, खुंटी ठोकायची नाही आणि दगडांची उतरंडही रचायची नाही, कारण त्यासाठी उचललेल्या प्रत्येक दगडाखाली कोणीतरी राहत असतं.

सावधान, फुरसं. सड्यावरचा हा सर्वांत खरा धोका. जांभ्याच्या दगडांखाली आणि फटींत फुरसं असतं, संध्याकाळी उघड्यावर येतं आणि मातीच्या रंगात बेमालूम मिसळतं. दगड उलटून बघू नका, फटीत बोटं घालू नका, बसण्याआधी जागा बॅटरीने तपासा. आंबोलीसारख्या ठिकाणी झुडपांवर चापडा हा विषारी सापही असतो, म्हणून फांदीला धरून तोल सावरायची सवय सोडा. दंश झालाच तर बांधणं, कापणं, चोखणं काही करू नका. अवयव हलू न देता १०८ ला फोन करा आणि प्रतिसर्पविष मिळेल अशा दवाखान्यात न्या.

## टप्पा ४ : डबक्यापाशी जाण्याचा क्रम

बहुतेकांचं सगळं इथेच बिघडतं. थेट काठावर जाऊन पट्टी पाण्यात घालतात. तळ ढवळतो, काठावरचे बेडूक उड्या मारून पसार होतात, आणि मग ‘इथे काहीच नाही’.

१. दहा मीटरवर थांबा. दुर्बिणीने काठ बघा. ओल्या काठावर बसलेले मिनर्वारिया गटातले छोटे बेडूक पाऊल वाजताच पाण्यात उडी घेतात, म्हणून ते इथूनच मोजायचे.

२. सूर्य समोर ठेवून जा, म्हणजे तुमची सावली मागे पडेल. सावली पाण्यावर आली की बेडूकमासे तळाशी दडतात.

३. काठापासून हातभर अंतरावर बसा. पाच मिनिटं हालचाल नाही, बोलणं नाही. दडलेले वर येतात.

४. छत्रीने चकाकी काढा आणि बेडूकमासे मोजा (टप्पा ६).

५. मग तापमान. थर्मामीटरचं टोक निम्म्या खोलीवर, सावलीत धरून.

६. लांबी, रुंदी, खोली सगळ्यात शेवटी.

पडताळा : खोली मोजून झाल्यावर पाणी गढूळ झालं आणि मोजणी अजून बाकी असेल, तर क्रम उलटा झाला. त्या दिवसाची मोजणी टाकून द्या, अंदाजाने भरू नका.

तापमान दोनदा घ्या, सूर्योदयाच्या सुमारास आणि दुपारी दोन ते तीनच्या दरम्यान. एवढ्याशा पाण्यात दिवसातला फरक मोठा असतो आणि बेडूकमाशांची वाढ बरीचशी त्यावर ठरते. फक्त सकाळचा आकडा लिहिला तर कातळी खळगा आणि गुरांचं डबकं सारखंच थंड दिसेल.

ऑक्टोबरात दुपारनंतर परतीच्या पावसाचे ढग अचानक उभे राहतात आणि सड्यावर सर्वांत उंच वस्तू तुम्हीच असता. गडगडाट ऐकू आला की दुपारचं तापमान राहू द्या, खाली उतरा.

## टप्पा ५ : खोली आणि उरलेले दिवस

खोली नेहमी एकाच, सर्वांत खोल जागी घ्या. पट्टी उभी, शून्य तळाला टेकलेलं, चिखलात घुसवायचं नाही. स्टीलच्या पट्टीवर शून्याच्या खाली अर्धा सेंटीमीटर कोरी जागा आहे का ते बघा. असेल तर तेवढी भर टाकावी लागते, नाहीतर उथळ पाण्यात चूक दहा-वीस टक्क्यांची होते.

उदाहरण घेऊ. १ ऑक्टोबरला खोली ४.८ सेंटीमीटर, ४ ऑक्टोबरला ३.६. मध्ये पाऊस नाही. तीन दिवसांत १.२, म्हणजे दिवसाला ०.४ सेंटीमीटर. उरलेलं ३.६ याच वेगाने गेलं तर नऊ दिवस. गवताळ डबक्यात हा हिशेब कमी भरवशाचा, कारण तिथे पाणी मुरतंही. दोन दिवस वजा धरा. मध्ये एक सर जरी पडली तरी आधीचे आकडे धरून वेग काढू नका, सरीनंतरच्या खोलीपासून नव्याने मोजा.

फेऱ्या खोलीप्रमाणे ठरवा. १० सेंटीमीटरच्या वर असेल तर आठवड्याला एक. १० ते ३ मध्ये तिसऱ्या दिवशी. ३ च्या खाली गेलं की रोज, कारण खरी गोष्ट शेवटच्या तीन-चार दिवसांत घडते. ते जमणार नसेल तर शनिवार-रविवार धरून आटतील अशी दोनच डबकी ठेवा.

## टप्पा ६ : बेडूकमासे मोजणं

पांढरं झाकण इथे लागतं. दोरी धरून ते हलकेच पाण्यात सोडा, तळाशी टेकू द्या आणि थांबा. तीन-चार मिनिटांत बेडूकमासे त्यावर परत येतात. काळ्या जांभ्यावर अदृश्य असणारे पांढऱ्यावर ठसठशीत दिसतात, पायांच्या कळ्यासुद्धा. फोटो काढा, मग मोजा. झाकण वर ओढून बेडूकमासे बाहेर काढायचे नाहीत. निघताना एका बाजूने तिरपं करून अलगद काढून घ्यायचं.

प्रत्येक डबक्यात तीन जागी झाकण ठेवा : उथळ कड, मध्य, सर्वांत खोल भाग. फक्त कडेला ठेवलं तर आकडा भलताच येतो, कारण टोडचे काळे बेडूकमासे उबदार कडेला कळपाने जमतात.

आता गफलतीची जागा. पाणी आटतं तसे तेवढेच जीव कमी जागेत कोंबले जातात. झाकणावर पहिल्या फेरीत सात आणि चौथ्या फेरीत वीस दिसले, तरी एकूण संख्या कमी झालेली असू शकते. म्हणून झाकणावरच्या आकड्याशेजारी पाण्याचं क्षेत्रफळ लिहाच. झाकण १५ × १५ सेंटीमीटरचं असेल तर चौरस मीटरमध्ये तशी सुमारे ४४ झाकणं बसतात, त्यावरून ढोबळ एकूण काढता येतं. ते नेमक्या आकड्यात लिहू नका. १ ते १०, ११ ते १००, १०१ ते १०००, त्याहून जास्त. एवढे चार गट पुरे.

डबकं तुटून दोन-तीन तुकडे झाले की त्यांना ४-अ, ४-ब, ४-क असे क्रमांक द्या आणि बेरीज ४ च्या नावावर ठेवा. हे विसरलं की वहीत ४-ब हे नवंच डबकं होऊन बसतं.

वाढीच्या पायऱ्या. अभ्यासक गोस्नरच्या ४६ पायऱ्या वापरतात. काठावर बसून बघणाऱ्याला पाच पुरतात :

क – पाय नाहीत.
ख – मागच्या पायांच्या कळ्या.
ग – मागच्या पायांची बोटं वेगळी दिसतात.
घ – पुढचे पाय बाहेर आले, शेपूट पूर्ण.
ङ – शेपटीचा खुंट, काठावर.

प्रत्येक झाकणावर कुठल्या पायरीचे किती ते लिहा. नुसत्या संख्येपेक्षा हा तक्ता अधिक बोलका असतो. नऊ दिवसांचं पाणी उरलंय आणि बहुतेक ‘ग’ आणि ‘घ’ वर आहेत, तर पुष्कळ जण पार पडतील. ‘घ’ पासून पुढचं रूपांतर साधारण आठवड्याच्या आत उरकतं. सगळे ‘क’ वर असतील तर बाहेर पडणारे थोडे. अनेक जातींचे बेडूकमासे पाणी कमी होताना वाढ उरकती घेतात आणि आकाराने लहान असतानाच बाहेर पडतात. सगळ्या जातींना ते जमत नाही.

## टप्पा ७ : ओळख, जेवढी खात्रीने होते तेवढीच

अंडी आणि बेडूकमासे यांवरून गट ओळखता येतो, जात क्वचित.

- काळ्या मण्यांच्या लांब माळा, गवताला गुंडाळलेल्या : नेहमीचा टोड (डटाफ्रायनस मेलॅनोस्टिक्टस). बेडूकमासे काळेभोर, कळपाने.
- पाण्यावर तरंगणारा अंड्यांचा एकेरी पातळ थर. पारदर्शक बेडूकमासे, पाण्याच्या मध्यावर स्थिर लोंबकळणारे : मायक्रोहायला.
- पाण्यावर झुकलेल्या फांदीला किंवा काठाला फेसाचा गोळा : वृक्षबेडूक. पॉलिपिडेट्सच्या बेडूकमाशाच्या नाकाच्या टोकावर चंदेरी ठिपका चमकतो.
- मोठे, दणकट, दुसऱ्या बेडूकमाशांवर ताव मारणारे : होप्लोबॅट्रॅकस, म्हणजे आपला मोठा डराव बेडूक आणि त्याचे भाऊबंद.
- डबक्याबाहेर, झिरपत्या ओल्या कातळावर सरपटणारे लांब शेपटीचे : इंडिराना. यांना ‘पाण्यातून बाहेर पडलेले’ समजून आत ढकलू नका, त्यांची जागाच ती.

मोठ्यांमध्ये टोडची खूण म्हणजे डोळ्यामागची फुगीर विषग्रंथी. नेहमीच्या टोडच्या डोक्यावर काळ्या कडांच्या उंचवट्यांच्या रेषाही असतात. आंबोली टोड आणि कोयना टोड पुष्कळ लहान, पूर्ण वाढलेलेही चार सेंटीमीटरच्या आत, आणि त्यांच्या डोक्यावर त्या रेषा नसतात.

मिनर्वारिया गटात फोटोवरून जात सांगण्याच्या फंदात पडू नका. दिसायला इतके सारखे आहेत की तज्ज्ञसुद्धा आवाज आणि डीएनए मागतात. ‘मिनर्वारिया, जात अनिश्चित’ ही उत्तम नोंद आहे.

रात्री झुडपांतून येणारा टिकटिक आवाज डबक्याच्या नावावर लिहिणं ही आणखी एक नेहमीची चूक. रावऑर्केस्टिस गटातले झुडूपबेडूक ओल्या जागी अंडी घालतात आणि अंड्यातून थेट छोटा बेडूक निघतो. त्यांना डबकं लागतच नाही. आवाजाची नोंद करताना सुरुवातीला तारीख, वेळ आणि ‘पाण्यातून’ की ‘झुडपातून’ एवढं बोलून ठेवा. लाल उजेड वापरा आणि एका बेडकावर मिनिटभरापेक्षा जास्त रोखू नका.

## टप्पा ८ : आटल्यानंतर

पाणी संपलं म्हणून काम संपत नाही. शेवटचं पाणी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढण्याआधी जा.

चिखलावर चिकटलेली वाळकी शरीरं मोजा आणि पायरी लिहा. मग कडेपासून दोन मीटरचा पट्टा हळू चालत बघा. ओल्या फटींच्या तोंडाशी, गवताच्या बुडाशी, शेणाच्या वाळक्या पोवाखालच्या ओलीत नखाएवढी पिल्लं दिसतात. पाय ठेवण्याआधी प्रत्येक वेळी बघा, कारण ही पिल्लं तळव्याखाली सहज चिरडतात. पिल्लं दिसली आणि वाळकी शरीरं कमी असली तर डबकं यशस्वी. दोन्ही नसतील तर खाणाऱ्यांचा माग काढा : बगळ्यांची पावलं, खेकड्यांची बिळं, आदल्या फेरीत दिसलेली दिवड किंवा चतुराच्या अळ्या. ‘सगळे मेले’ हा निष्कर्ष वाळकी शरीरं भरपूर दिसली तरच.

वाचवू नका. आटत्या डबक्यात बाटलीने पाणी ओतलं तर तापमान आणि क्षार एकदम बदलतात. उचलून दुसऱ्या डबक्यात सोडले तर सोबत रोग जातो, आणि तिथे होप्लोबॅट्रॅकस असेल तर तुम्ही त्याला जेवण वाढलंत. एका मादीची पुष्कळ अंडी वाया जाणं या जीवनक्रमात धरलेलंच आहे. मध्ये पडायचं ते माणसाने केलेल्या गोष्टीत : डबक्यातून जाणारी मोटारसायकलची चाकोरी, फोडलेला कातळ, टाकलेलं प्लॅस्टिक. त्याचा फोटो तारखेसह ग्रामपंचायतीला आणि वनविभागाला द्या.

नोंदी त्याच रात्री तक्त्यात उतरवा : डबक्याचा क्रमांक, तारीख, मागच्या फेरीनंतर पाऊस झाला का, खोली, लांबी-रुंदी, दोन्ही तापमानं, तिन्ही झाकणांचे आकडे पायऱ्यांनुसार, काठावरचे मोठे बेडूक. ‘काही दिसलं नाही’ असेल तर शून्य लिहा, रकाना कोरा ठेवू नका. कोरा म्हणजे ‘बघितलंच नाही’. फोटो आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर टाकणार असाल तर आंबोली टोडसारख्या दुर्मीळ जातीचं नेमकं ठिकाण झाकून टाका, आणि फोटोतल्या अक्षांश-रेखांशाची माहिती समाजमाध्यमांवर जाण्याआधी काढून टाका.